चतुर्थीच्या आधी मजुरी, मग पुढच्या प्रयोगाचं बोलणं

देवगड तालुक्यातल्या, किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. चार पानी आहे. नाव-गाव वगळून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

“सहा वर्षांपूर्वी आम्ही ना-नफा कंपनी काढली. आमसुलं, आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घातलेला रस), काजूगर असा माल वाडीतल्या बायकांकडून करून घेतो आणि मुंबई-पुण्यात विकतो. वर्षाची उलाढाल अठरा लाखांच्या आसपास. १४ जणी कायम आमच्याबरोबर आहेत. फणस दरवर्षी झाडाखाली पडून कुजतो, ते बघवत नव्हतं. म्हणून यंदा गरे सुकवून विकायचं ठरवलं. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून सोलर ड्रायर मिळाला. आमच्याकडे २४ वर्षांची एक पर्यवेक्षक आहे. कल्पना तिची, मला पटली, मी होकार दिला. मे महिन्यात १४ जणींनी ११ दिवस काम केलं. माल विकला की मजुरी द्यायची, दिवसाला ३०० रुपये पडतील, असं बोलणं झालं होतं. जून संपता संपता गिऱ्हाइकांचे फोटो यायला लागले. पाकिटात बुरशी. साडेतीनशे पाकिटं परत आली, ती खड्डा काढून पुरली. मजुरीचे ४६,२०० रुपये थकले आहेत. बायका भांडत नाहीत, पण ‘आपली आमसुलांच बरी’ म्हणतात. एका काकींनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, ‘बरको सुकूचो नाय गो.’ म्हणजे बरका, रसाळ गऱ्याचा फणस, सुकणार नाही. आम्ही घाईत होतो. ती मुलगी आता मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. आमचे संचालक गावचेच, पण मुंबईत स्थायिक झालेले. ते म्हणतात, प्रयोग पुरे. सीएसआरचा अहवाल सप्टेंबरात द्यायचा आहे. एकांनी सुचवलं, ‘पहिला टप्पा पूर्ण’ एवढंच लिहा. मागे एका प्रशिक्षणात ऐकलं होतं की अपयश साजरं करायला शिका. ते वाक्य मला या बायकांसमोर उच्चारवत नाही. प्रयोग बंद करू का? अहवालात काय लिहू?”

ताई,

ते वाक्य तुम्हाला उच्चारवत नाही, हे वाचून मला तुमच्याबद्दल विश्वास वाटला. तुमची जीभ जिथे अडली तिथेच या प्रश्नाची गाठ आहे.

अपयश साजरं करा, हे जिथे म्हटलं जातं तिथे पैसा गुंतवणूकदाराचा असतो. त्याने दहा ठिकाणी पैसे लावलेले असतात. आठ बुडाले तरी उरलेले दोन तारून नेतात. ज्याचा धंदा बुडाला तो पोरगाही सहा महिन्यांत कुठेतरी नोकरीला लागतो. तुमच्या वाडीत मे महिन्याच्या मजुरीवर काय काय टांगलेलं असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आगोटीची बेगमी असते. तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, मसाला भरायचा असतो. कौलं चाळायला माणूस लावायचा असतो. जूनमध्ये पोरांच्या वह्या आणि छत्र्या. तो पैसा आला नाही म्हणून कुणी दुकानात उधारी केली असेल, कुणी माहेरून उसने आणले असतील. बुरशी पाकिटात धरली आणि तिची झळ त्या चौदा घरांच्या चुलीला लागली. म्हणून ‘आपली आमसुलांच बरी’ या बोलण्याला भित्रेपणा समजू नका. तो चोख हिशोब आहे.

माझं मत असं की प्रयोग बंद करू नका. पण फसलेल्या प्रयोगाचा खर्च कुणी सोसायचा हे आधी ठरल्याशिवाय यापुढे एक गराही ड्रायरमध्ये ठेवू नका. अपयश स्वीकारणं हा मनाचा मोठेपणा आहे असं आपण धरून चालतो. मला वाटतं, तो आधी जमाखर्चाचा विषय आहे. मनाचं नंतर बघता येतं.

मी मालवणची. लहानपणी रापण ओढताना पाहिली आहे, आणि चार हात मीही लावले आहेत. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत जायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढत राहायचं. तासन् तास. दोर ओला, वाळू पायाखालून सरकत असते. जाळ्याचा खोलवा जवळ आला की सगळे बोलायचे थांबतात. कधी बांगड्याने पाणी चंदेरी होतं, कधी नुसता पालापाचोळा आणि दोन-चार खेकडे. रिकामी रापण आली म्हणून कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलेलं मी पाहिलं नाही. जाळं गोळा करायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचं. माझ्या गावचे रापणकर काही साधुसंत नव्हते. त्यांना रिकामं जाळं पचायचं, कारण वाटे ठरलेले असायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आज रिकाम्या हाताने जाणाऱ्याला उद्या बांगडा लागला तर त्यातही वाटा होता.

आता तुमचा फणसाचा व्यवहार शेजारी ठेवून बघा. गरे विकले गेले असते तर बायकांना दिवसाचे ३०० रुपये मिळणार होते, नफा कंपनीचा. गरे बिघडले तर ३०० रुपयेही नाहीत. तोट्यात त्यांना वाटा होता, नफ्यात नव्हता. हे तुम्ही कपटाने केलं नाही, हे मला तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतं. ‘माल विकला की पैसे’ ही आपल्याकडची रीत आहे, आमसुलांना ती चालून गेली, कारण आमसुलं बिघडत नाहीत. नव्या मालाला ती रीत लावली आणि तिथे घोळ झाला.

म्हणून पहिला नियम. नव्या मालाचा पहिला हंगाम असेल तेव्हा मजुरी रोजच्या रोज, संध्याकाळी, हातात. माल विकला जावो, पुरला जावो, गुरांना घालावा लागो. विक्रीला जोडलेला दर पुढे, माल दोन हंगाम टिकून दाखवेल तेव्हा, आणि तेव्हा विक्री चांगली झाली तर मजुरीतच वाढीव वाटा ठेवा.

पैसे कुठून? अठरा लाखांच्या उलाढालीतले शंभरातले दोन रुपये बाजूला काढा. वर्षाचे ३६,००० होतात. त्याला वहीत वेगळं पान द्या, ‘प्रयोग’ असं स्पष्ट लिहून. हे पैसे गेले असं धरूनच चालायचं. वीस किलो गऱ्यांचा एक घाणा करायला दोन बायकांची तीन दिवसांची मजुरी १,८०० रुपये, फणस, पाकिटं, ने-आण असं धरून साडेचार हजारांत काम भागतं. म्हणजे वर्षाला असे आठ घाणे. आठातले सहा वाया गेले तरी कुणाच्या घरची बेगमी अडत नाही, आणि आमसुलांच्या पैशाला हात लागत नाही. संचालकांना ‘प्रयोग करू द्या’ अशी विनंती करण्यापेक्षा हे पान त्यांच्यापुढे ठेवा. आकडा दिसला की माणसं कमी घाबरतात.

आता एका बाबतीत मी तुम्हाला सोडणार नाही. यंदा तुम्ही जे केलंत त्याला मी प्रयोग म्हणणार नाही. पहिल्याच फटक्यात चौदा जणी, अकरा दिवस, आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी. एकही पाकीट तीन आठवडे घरात ठेवून पाहिलं नाही. ही विक्री होती, आणि ती खाण्याच्या वस्तूची होती. कुणाच्या पोराने न बघता तो गरा तोंडात टाकला असता तर? असल्या घाईला अपयशाच्या नावाखाली माफी मागू नये, देऊही नये. प्रयोग फसला तर शिकवतो. घाईने आपण काय चुकलो हेही कळत नाही, कारण एकाच वेळी सगळंच बदललेलं असतं. ज्या गिऱ्हाइकांची पाकिटं परत आली त्यांचे पैसे फिरवले नसतील तर या आठवड्यात फिरवा, आणि दोन ओळींत खरं कारण कळवा.

खरं कारण काय असेल? मी तुमचा ड्रायर पाहिलेला नाही, पण गरे सुकवताना माणसं कुठे कुठे फसतात ते पाहिलं आहे. कापा आणि बरका एकत्र केला असेल, तर काकींचं बरोबर आहे. कापा फणसाचा गरा घट्ट, कोरडा. बरक्याचा लिबलिबीत, रसाळ. एकाच ट्रेमध्ये दोन्ही ठेवले की कापा सुकतो आणि बरका वरून चामड्यासारखा कडक होतो, आत ओल राहते. हाताला सुकलेला लागतो, पण मधून चिरा, आतली कड चकाकते. दुसरं म्हणजे रात्र. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीची हवा पाण्याने भरलेली असते. दिवसभर सुकवलेला गरा ड्रायरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर रात्रीत ओल ओढून घेतो. तिसरं, गरम गरेच पाकिटात भरून तोंड बंद केलं की आत वाफ धरते. यातलं कुठलं एक झालं, की तिन्ही झाली, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. पाकिटं पुरण्याआधी पाच-दहा फोडून पाहायला हवी होती. बुरशी गऱ्यावर आतल्या बाजूने धरली होती की पाकिटाच्या वरच्या भागाला, जिथे थेंब जमतात तिथे? ते बघण्यासारखं होतं. गेलं ते गेलं. गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो पुसू नका. त्या मुलीबरोबर बसून एकेक मोठा करून बघा.

पुढच्या एप्रिलसाठी साधी युक्ती. गरे सुकल्यासारखे वाटले की चांगले थंड होऊ द्या, मग काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा, आठवडाभर रोज एकदा हलवा आणि काचेकडे बघा. काचेला आतून दव धरलं, गरे एकमेकांना चिकटले, की परत ड्रायरमध्ये. त्याआधी रोज संध्याकाळी एकाच ट्रेचं वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबत नाही तोवर माल सुकलेला नाही. बरणी आणि तराजू, याहून जास्त काही लागत नाही. आणि हे सगळं एकदम करू नका. एक घाणा कापा पातळ चिरून, एक कापा जाड, एक रात्री झडपा बंद करून. बरका मात्र काकींच्या हवाली करा. त्याची फणसपोळी होते, हे त्या तुम्हाला मी सांगितल्याशिवायही सांगतील.

आपल्याकडची खरी अडचण वेळेची आहे, आणि ती शहरातल्या प्रशिक्षकांच्या लक्षात येत नाही. त्यांचा प्रयोग सोमवारी फसला तर मंगळवारी दुसरा करता येतो. आपला फणस एप्रिलमध्ये पिकायला लागतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात. रातांब्याचंही तेच. एक चूक म्हणजे एक वर्ष. म्हणूनच एका हंगामात एक मोठा प्रयोग करणं आपल्याला परवडत नाही. लहान लहान चार-सहा, एकमेकांच्या शेजारी, असेच करावे लागतात.

‘लिज्जत’ची गोष्ट तुमच्या बायकांना जरूर सांगा. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ऐंशी रुपये उसने घेऊन. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फार कुणी सांगत नाही. पहिल्याच पावसाळ्यात पापड सुकेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. बस्स. काम पावसातही चालू राहिलं. पुढे नाव झाल्यावरही त्यांनी आगपेट्या करून पाहिल्या, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू करून पाहिल्या. ते उद्योग चालले नाहीत. पापड राहिला. मला यातली खाट फार आवडते. कुणा तज्ज्ञाने ती सुचवली असती तर कदाचित मोठी भट्टी सुचवली असती. आणि एक गोष्ट विसरू नका, तिथली प्रत्येक सभासद बहीण धंद्यात भागीदार मानली जाते, नफ्यात आणि तोट्यात. म्हणजे पुन्हा रापणच.

आता त्या मुलीचं. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘कल्पना तिची, मला पटली, मी होकार दिला.’ हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत. चौदा जणींसमोर, तिच्या देखत म्हटलंत का? नसेल, तर पुढच्या बैठकीत उलटं करून म्हणा. ‘निर्णय माझा होता. घाई माझी होती. कल्पना हिची होती आणि ती चांगली होती.’ तेवढं म्हणून थांबा. तिची बाजू मांडत भाषण करू नका, तिला आणखी लाज वाटेल. चोवीस वर्षांची मुलगी गावात काम करते, तेव्हा तिच्या मागे बोलणारे फक्त त्या चौदा जणी नसतात. ‘शिकलेल्या पोरीने पैसे बुडवले’ हे वाक्य विहिरीवर, एसटीत, लग्नाच्या बोलणीतही फिरतं. ते तुमच्याशिवाय कुणी थांबवू शकत नाही. नंतर तिला लगेच एक काम द्या, हातात मावेल एवढं. आता श्रावण आहे, फणस नाही. पण केळी आहेत. बरणीचा आणि वजनाचा प्रयोग दोन किलो केळ्यांवर करून पाहू दे. फुकट गेला तर दोनशे रुपये.

काकींकडे मात्र तुम्ही स्वतः जा. ‘बरको सुकूचो नाय गो’ हे त्यांनी एकदाच म्हटलं आणि गप्प राहिल्या. आपल्या बायकांची रीतच ती. ताईंना तोंडावर नाही म्हणायचं नाही, एकदा हळू सांगायचं, मग ताई म्हणतील तसं करायचं. ते एकदा हळू सांगितलेलं ऐकू यायला हवं असेल तर त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. नवीन काही सुरू करायच्या आदल्या दिवशी पडवीत बसा, माल मध्ये ठेवा, आणि एकच प्रश्न विचारा: ‘हे बिघडलं, तर कशाने बिघडेल?’ चांगलं होईल का, असं विचारलंत तर सगळ्या ‘होईल’ म्हणतील. बिघडेल कशाने, असं विचारलंत की जिभा सुटतात. मुंग्या, उंदीर, वीज जाणं, अमक्या झाडाचा फणस पाणचट, तमकीचा मुलगा आजारी म्हणून ती दुपारी जाणार. सगळं लिहून घ्या. जिने सांगितलं तिचं नाव पुढे लिहा.

अहवालाबद्दल मी माझीच चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी सावंतवाडीकडच्या एका गावात मी बचत गटाबरोबर कोकम सरबत करत होते. रातांब्याच्या सालांना दुप्पट साखर, बरणीत थरावर थर, उन्हात ठेवून सुटलेला पाक गाळायचा, ही घरोघरची रीत. त्या वर्षी साखर महाग वाटली, म्हणून मी दुपटीची दीडपट केली. २४० बाटल्या भरून गटाच्या प्रमुख बाईंच्या ओसरीवर खोकी रचली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ठक्, ठक् असे आवाज यायला लागले. त्यांना वाटलं मांजर, म्हणून केरसुणी घेऊन उठल्या. बुचं उडत होती. सकाळी मी पोचले तेव्हा ओसरीवरून अंगणापर्यंत लाल ओघळ, त्यावर मुंग्यांची रांग, आणि भट्टीवर येतो तसा आंबूस वास. साखर कमी पडली की सरबत टिकत नाही, आंबतं. हे तिथल्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं.

पैसे देणाऱ्या संस्थेला मी अहवाल लिहिला: ‘२४० बाटल्यांचं उत्पादन, महिलांचा उत्साही सहभाग.’ शब्द न् शब्द खरा. शिवाय ‘कमी साखरेची सुधारित कृती’ म्हणून ते प्रमाणही लिहिलं. संस्थेने तो अहवाल चांगला म्हणून पुढच्या तालुक्यातल्या गटाला वाचायला दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या प्रमाणाने सरबत केलं. त्यांचंही आंबलं. त्यांच्या प्रमुख बाई मला बाजारात भेटल्या, रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, “तुमका म्हायत होता, मगे सांगलात कित्याक नाय?” तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही? मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

म्हणून ‘पहिला टप्पा पूर्ण’ लिहू नका. कॅनडातली ‘इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स’ ही संस्था २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा अहवाल छापायला लागली, देणगीदारांना आणि जगाला वाचता येईल असा. त्यामुळे ती बंद पडली नाही. तुम्हाला पुस्तिका छापायची गरज नाही, एक पान पुरे. असं काहीसं लिहा: ‘१४ महिलांनी ११ दिवस काम केलं. मालाला बुरशी धरली, ३५० पाकिटं नष्ट केली. कापा-बरका मिसळ, रात्रीची आर्द्रता, गरम भरणी ही तीन कारणं संभवतात. नेमकं कोणतं हे तपासलं गेलं नाही, कारण आम्ही चाचणीआधी विक्री केली. मजुरी आम्ही आमच्या निधीतून दिली. पुढच्या हंगामात २० किलोचे सहा घाणे करून मगच विक्रीचा विचार करू. ड्रायर चालू स्थितीत आहे.’ याच्या खाली तुमची सही. निधी देणारे चिडतील का? चिडू शकतात. पण तिथला जो माणूस तुमची फाईल वाचतो तोही कुणाला तरी उत्तर देत असतो, आणि त्याच्या हातात नेमकी माहिती असेल तर तो तुमच्यासाठी भांडू शकतो. ‘पहिला टप्पा पूर्ण’ वाचून तो दुसरा टप्पा मागेल, आणि पुढच्या मेमध्ये तुम्ही पुन्हा चौदा जणींना घेऊन घाईत असाल.

यंत्र आलं की ते चालताना दाखवावं लागतं, या दडपणाने मोठमोठ्यांना बुडवलं आहे. आफ्रिकेतल्या गावांत मुलांच्या गोल फिरत्या झोपाळ्यावर चालणारा ‘प्लेपंप’ आला. मुलं खेळतील आणि पाणी वर चढेल, अशी गोड कल्पना. २००६ मध्ये त्याला अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. मग दिसलं की मुलं दिवसभर खेळत नाहीत, आणि पाणी हवं तेव्हा बायकांनाच ते जड चाक हाताने फिरवावं लागतं. जुना हातपंप काढून टाकलेला. २०१० पर्यंत ती मोहीम गुंडाळली गेली. चार गावांत दोन पावसाळे तो पंप ठेवून बायकांना विचारलं असतं, तर एवढं झालं नसतं.

संचालकांशी बोलताना आंब्याचं काढा, ते हापूसवाले आहेत, त्यांना पटेल. हापूसमधला साका, म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या फळाचा आतला गर खराब निघणं, कुणाला चुकला नाही. त्यावर तोड म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो १९८१ मध्ये आला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा ‘सिंधू’ १९९२ मध्ये. संकराचं रोप लावायचं, फळ धरेपर्यंत वर्षं मोजायची, आणि बहुतेक झाडं शेवटी बाजूला काढायची, असं ते काम. आणि एवढं करूनही बाजारात राजा हापूसच राहिला. म्हणून कुणी संशोधन केंद्राला कुलूप लावा म्हणालं नाही. तुम्ही तर ३६,००० रुपये आणि एक हंगाम मागताय. आमसुलं, आगळ नेहमीसारखी चालूच राहतील, हेही त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा. त्यांची भीती बहुधा तीच आहे.

पण हे सगळं नंतर. आधी ४६,२०० रुपये.

प्रत्येकीचे ३,३०० होतात. चतुर्थी तोंडावर आहे. गणपतीच्या आधी आपल्याकडे घराला पैसा किती लागतो हे चाकरमानी असलेल्या तुमच्या संचालकांना समजावावं लागणार नाही. ते स्वतःच त्या गाडीने येणार आहेत. सगळ्यांनी मिळून उभे करा, कंपनीच्या शिल्लकीतून काढा, आणि नाहीच जमले तर निम्मे आता, निम्मे दिवाळीआधी, तारीख सांगून. ड्रायर मिळाला त्या निधीतून मजुरी देता येईल का तेही विचारून बघा; विचारायला लाजू नका.

पैसे गटाच्या बैठकीत वाटू नका. दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा, त्या मुलीला बरोबर घ्या आणि घरोघर जा. काकींकडे सगळ्यांत आधी. त्या तुम्हाला पाहून चहा ठेवायला आत वळतील. पाकीट त्याआधी त्यांच्या हातात द्या, चहा नंतर घ्या. आणि चहा पिताना विचारा, त्यांच्या परसात जो कापा आहे तो कधी धरतो.